आपल्याला पडलेले स्वप्न

काल रात्री तुम्हांला एखादे स्वप्न पडले होते का? पडले असेल तर आठवून पाहा. पण अजून कोणाला सांगू नका. का, ते पुढे येईल.

मी नांदेडच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. पावसाळ्यातला शनिवार होता, सकाळची शाळा होती. नववीतला एक मुलगा पहिल्या तासाला वीस मिनिटे उशिरा आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "सर, ख्वाब देख रहा था. आँखच नै खुली."

सारा वर्ग हसला. मला राग यायला हवा होता, पण मलाही हसू आले. मी म्हणालो, "बरे, आता शिक्षा म्हणून ते स्वप्न मराठीत सांग."

तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. मग अडखळत बोलू लागला. "सर, गोदावरी होती. पाणी नव्हता. नदीच्या आत आमचा वर्ग भरला होता. बाक, फळा, सगळा तिथेच. आणि तुम्ही हजेरी घेत होते."

मी एकही चूक दुरुस्त केली नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मी होतो का?" दुसऱ्याने विचारले, "मी कुठे बसलो होतो?" पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मग पाणी आला का?" पाहता पाहता अर्धा वर्ग त्या एका स्वप्नात शिरला. कोणी त्यात आपली सायकल आणली, कोणी बकरी आणली. घंटा झाली तेव्हा माझ्या लक्षात आले, की ही तीच मुले आहेत. गाईडमधली उत्तरे सुंदर अक्षरात लिहिणारी, आणि चार वाक्ये बोला म्हटले की "सर, आती नै" म्हणून खाली बसणारी. त्या दिवशी ती आपण होऊन मराठी बोलत होती, कारण प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती: त्या स्वप्नात आपण होतो की नव्हतो, हे कळायला हवे होते.

घरी जाताना डोक्यात एकच विचार घोळत होता. याचा खेळ करता येईल का? चार-पाच मुले चटईवर गोल करून बसतील आणि सगळी मिळून एकच स्वप्न सांगतील, असा खेळ.

खेळाकडे जाण्यापूर्वी शब्दांकडे पाहू. मराठीचा शिक्षक आहे, एवढी सवलत मला द्या. उर्दूतला 'ख्वाब' आणि मराठीतला 'स्वप्न' हे शब्द परके वाटतात, पण ते एकाच घरातले आहेत. फार जुन्या काळी संस्कृत आणि इराणी भाषा यांचे मूळ एक होते. संस्कृतात जेथे 'स्व' राहिला, तेथे पुष्कळदा फारसीत 'ख्व' झाला. संस्कृतात बहीण म्हणजे 'स्वसा', फारसीत 'ख्वाहर'. तसेच 'स्वप्न' आणि 'ख्वाब'. फरक आहे तो क्रियापदात. उर्दूत आपण ख्वाब 'देखते' है, पाहणारा मी. मराठीत स्वप्न 'पडते', मला पडते. पाऊस पडावा तसे ते वरून येते. मी काही करत नाही. हा लहानसा फरक पुढे आमच्या फार उपयोगी पडला.

पहिला पट मी एकट्याने तयार केला. पुठ्ठ्यावर एकोणपन्नास चौकोन आखले. काही चौकोनांत विहीर, दिवा, कुलूप अशी चित्रे काढली. चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी केली, म्हणजे फाशांचे काम झाले. नियम असा, की ज्या घरात सोंगटी थांबेल त्या घरातल्या चित्रावर एक वाक्य बोलायचे. मोठ्या उमेदीने तो पट वर्गात नेला. आठ मिनिटांत एक मुलगा शेवटच्या घरात पोहोचला आणि "जीत गया!" म्हणून ओरडला. त्याची एकूण तीन वाक्ये झाली होती: "विहीर आहे. दिवा आहे. कुलूप आहे."

मी नवा खेळ केला नव्हता, सापशिडीच केली होती. सापशिडीचा इतिहास वाचल्यावर माझी चूक मला कळली. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरा त्याचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटाच्या घरांत सद्गुण आणि दुर्गुण यांची नावे असत. गुणाची शिडी वर नेई, अवगुणाचा साप खाली आणी. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण सूफींचाही असाच पट होता. त्याच्या घरांत अरबी आणि फारसी नावे असून सर्वांत वर अर्श आहे. असा एक पट लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. दोन्ही पट थोर आहेत, पण दोन्हींमध्ये प्रत्येक जण एकटा चढतो आणि एकटा पोहोचतो. शेजाऱ्याचे काय झाले, हे विचारण्याची गरजच पडत नाही. मला तर नेमके तेच हवे होते. शिवाय फासा म्हटले की आपल्यापैकी अनेक घरांत भुवया उंचावतात, ते निराळेच. मी पट बाजूला ठेवला. चिंचोके मुलांनी भाजून खाल्ले.

त्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणारा माझा मामेभाऊ घरी आला. त्याच्याजवळ 'डिक्सिट' नावाच्या खेळाची पेटी होती. हा खेळ फ्रान्समध्ये जाँ-लुई रुबिरा यांनी रचला आणि तो २००८ साली बाजारात आला. रुबिरा हे मुलांच्या मनाचे डॉक्टर. खेळात फाशाचे काम नाही. आहेत ती स्वप्नात दिसावीत अशी चित्रे. एक जण आपल्या चित्रावरून एक शब्द किंवा एक वाक्य बोलतो, आणि बाकीचे ते चित्र ओळखतात. 'डिक्सिट' हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ 'तो म्हणाला'. भावाने आणखी एका खेळाबद्दल सांगितले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्यात टेबलाभोवती बसलेले सगळे मिळून तोंडीच एक लांबलचक गोष्ट रचतात. ऐकताना मला आपली दास्तानगोई आठवली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजाड खंड काढले, ते अशाच तोंडी गोष्टींचे. मात्र दास्तानमध्ये एक जण सांगतो आणि बाकीचे ऐकतात. या नव्या खेळांत ऐकणाराही सांगतो.

दुसऱ्या खेळासाठी मी मुलांकडूनच चित्रे काढून घेतली. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून चाळीस पाने तयार झाली: दार, छत्री, पतंग, बैलगाडी, रेल्वेचे स्टेशन, तुटलेली चप्पल, कोंबडा. नियम सोपा केला. पान उचला आणि त्यावरून तुम्हांला पडलेले एखादे स्वप्न सांगा.

येथे माझी मोठी चूक झाली. ती सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही.

एका मुलाने 'दार'चे पान उचलले. हा मुलगा फार बोलत नसे. तो म्हणाला, "अब्बा दारात उभे होते. पिशवी हातात होता." त्याचे वडील २०२१ साली कोरोनाच्या साथीत वारले होते. हे मला ठाऊक होते. सर्वांना ठाऊक नव्हते. 'पिशवी होता' ऐकून कोणीतरी हसले. तो थांबला, पान उलटे ठेवले आणि खाली पाहत बसला. पुढचे दोन शनिवार खेळ सुरू झाला की तो पाणी प्यायला म्हणून बाहेर जाई आणि घंटा होईपर्यंत परत येत नसे. मी त्याला एकदा हाक मारली. "आया सर," म्हणाला, पण आला नाही.

त्याच आठवड्यात पहिल्या रांगेतली ती मुलगी तासानंतर माझ्याजवळ आली. नदीत पाणी आले का, असे जिने विचारले होते तीच. म्हणाली, "सर, दादा अब्बा बोले, वाईट स्वप्न कोणाला सांगू नये. आणि खोटा ख्वाब सांगितला तर गुनाह आहे. मग मी काय सांगू?"

मी त्या रात्री किताब उघडली. तिचे आजोबा बरोबर होते. सहीह बुखारीत दोन्ही गोष्टी आहेत. वाईट स्वप्नाची वाच्यता करू नये. आणि न पाहिलेले स्वप्न पाहिले म्हणून जो सांगेल, त्याला जवाच्या दोन दाण्यांना एकमेकांत गाठ मारायला सांगितले जाईल. ती त्याला कधीच मारता येणार नाही. जवाच्या दाण्यांची ती गाठ वाचून मी पुस्तक मिटले. मी त्या मुलीला कसल्या पेचात टाकले होते! खरे स्वप्न सांगावे तर ते तिचे खाजगी, आणि रचून सांगावे तर खोटेपणा. त्या मुलाचेही तेच झाले होते. जे घरात जपून ठेवायचे, ते मी त्याला वर्गात काढायला लावले. बी.एड.च्या पुस्तकांत 'विद्यार्थ्यांच्या अनुभवांना वाव द्या' असे असते. वाव द्यावा, पण दार बंद ठेवण्याची मोकळीकही द्यावी, हे मला त्या मुलांनी शिकवले.

म्हणून त्या दिवशी पहिला पक्का नियम ठरला. कोणालाही पान उलटे ठेवता येईल. का ठेवले, असे विचारायचे नाही. गोष्ट दुसरीकडे वळवायची. पुढे मला समजले की अमेरिकेत जॉन स्टॅव्रोपोलस नावाच्या खेळ रचणाऱ्याने हेच फार पूर्वी केले आहे. त्याच्या खेळात टेबलावर फुलीचे एक पान असते. कोणी त्याला हात लावला, की चाललेला प्रसंग सोडून द्यायचा. इतक्या दूरच्या माणसालाही तोच अनुभव आला असेल, असे मनात आले.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. स्वप्न कोणाचे? ते बसलेल्यांपैकी कोणाचेही असता कामा नये, आणि तरी प्रत्येकाचे असायला हवे.

उत्तर मला सूरह यूसुफमध्ये सापडले. तुम्हां सर्वांना ती गोष्ट ठाऊक आहे. मिस्रच्या बादशहाने स्वप्नात पाहिले, की सात लठ्ठ गाईंना सात रोडक्या गाई खात आहेत, आणि सात कणसे हिरवी तर बाकीची वाळलेली आहेत. दरबारात कोणाला अर्थ लागेना. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांनी तो सांगितला. सात वर्षे पिकतील, मग सात वर्षे कठीण जातील, त्यानंतर पावसाचे वर्ष येईल. खाण्यापुरते काढा आणि उरलेले धान्य कणसातच राहू द्या, असा उपायही सांगितला. स्वप्न पडले एकाला, उलगडले दुसऱ्याने आणि धान्य साठवले साऱ्या देशाने. स्वप्न बादशहाचे असले तरी त्यातली भूक सगळ्यांची होती.

आपल्या मराठवाड्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मिळालेल्या लाल मिलोच्या भाकरीची आठवण काढी आणि तोंड वाकडे करी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचे पाणी नव्हते, तेव्हा मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत धान्य साठवायला बळद असे, गावात जमिनीखाली पेव असे. तुमच्या आजी-आजोबांना हे दोन शब्द विचारा. बहुतेकांना ठाऊक असतील.

तेव्हा तिसरा खेळ असा तयार झाला. नबींची गोष्ट खेळात घ्यायची नाही, त्यांचे पात्र करायचे नाही, हे मी आधीच ठरवले आणि त्या मुलीच्या आजोबांनाही निरोप पाठवून विचारले. सात आणि सात वर्षांची मांडणी तेवढी घेतली. एक गाव आहे. ते झोपलेले आहे. साऱ्या गावाला मिळून एकच स्वप्न पडले आहे. पाच खेळाडू, मध्ये एक वाटी, शेजारी ज्वारीचे दाणे. आधी सुकाळाचे सात डाव. प्रत्येक डावात प्रत्येकाने एक पान उचलायचे, एक वाक्य बोलायचे आणि वाटीत एक दाणा टाकायचा. मग दुष्काळाचे सात डाव. त्यांत नवे पान मिळत नाही! सुकाळात जे जे सांगितले, त्यातलेच काहीतरी आठवून पुन्हा गोष्टीत आणायचे. आठवले तर एक दाणा खाल्ला जातो, नाही आठवले तर दोन. चौदा डाव संपल्यावर गाव उपाशी नसेल तर पंधरावा डाव पावसाचा. त्यात पान नाही, दाणा नाही. प्रत्येकाने पावसाचे एक वाक्य बोलायचे, आणि गाव जागे होते. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

आता त्या वाक्याविषयी. प्रत्येक वाक्यात 'आपण' हवे. 'मी' म्हटले किंवा 'आम्ही' म्हटले, तर दाणा नाही.

हा नियम का केला, हे सांगण्यासाठी मला माझी एक फजिती सांगावी लागेल. बी.एड.ला असताना माझा एक सराव पाठ मराठी माध्यमाच्या शाळेत होता. मी घरून वाक्ये पाठ करून गेलो होतो. फळ्यावर पाठाचे नाव लिहिले आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "मुलांनो, आता आम्ही धडा वाचू." मुले हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत राहिली. मीही त्यांच्याकडे पाहत राहिलो. कोणी पुस्तक उघडीना. मला वाटले, ही मुले मुद्दाम करत आहेत. तास संपल्यावर निरीक्षण करणाऱ्या बाईंनी माझी वही परत दिली. त्यात लाल शाईने एकच ओळ होती: 'आम्ही म्हणजे कोण?'

उर्दूत 'हम' एकच आहे. 'हम सबक पढेंगे' म्हटले की ऐकणारा त्यात आहे की नाही, हे प्रसंगावरून कळते. मराठीत ते शब्दातच ठरवावे लागते. 'आम्ही' म्हणजे मी आणि माझी माणसे, तू नाहीस. 'आपण' म्हणजे मी आणि तू, दोघेही. 'आम्ही धडा वाचू' म्हणजे शिक्षक मंडळी वाचतील, तुम्ही बसा. मुले बिचारी बसली. पहिल्या दिवशीच्या त्या उशिरा आलेल्या मुलाचे वाक्य आठवा. 'आमचा वर्ग भरला होता,' असे तो माझ्याच तोंडावर म्हणाला होता, आणि मी त्या वर्गात हजेरी घेत होतो!

पण गंमत पुढेच आहे. मी ही फजिती घरी सांगितली, तेव्हा आजी म्हणाली, "इसमें क्या है? हमे गए बोले तो हमे. अपन गए बोले तो अपन." मी चमकलो. आपल्या घरातल्या दख्खनी बोलीत हा भेद आहेच. 'हमे' वेगळे, 'अपन' वेगळे. लहानपणी शाळेत मी 'अपन' म्हटले की मला 'हम' म्हणायला लावत; 'अपन' गावंढळ समजत. 'नक्को' आणि 'आँखच' मधला 'च' जसा मराठीशी मिळतो, तसाच हा 'अपन'. आपल्या जिल्ह्याची सीमा तेलंगणाला लागून आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडे तेलुगू कानांवर पडते. तेलुगूतही 'मेमु' म्हणजे आम्ही आणि 'मनम' म्हणजे आपण, असे दोन शब्द आहेत. म्हणजे गोदावरीकाठची माणसे कोणत्याही भाषेत बोलोत, 'तू धरून' आणि 'तू सोडून' हा हिशेब ती आधी करतात. (मराठीत मोठ्या माणसाला आदराने 'आपण बसावे' असेही म्हणतात. तो 'आपण' म्हणजे उर्दूतला 'आप'. त्याने गोंधळू नका. आमच्या खेळात तो नाही.)

'आपण'चा आणखी एक फायदा झाला, जो मी ठरवला नव्हता. मराठीत मुलगा म्हणतो 'मी गेलो', मुलगी म्हणते 'मी गेले'. आमची मुले येथेच अडतात आणि हसू होईल म्हणून गप्प बसतात. पण 'आपण गेलो' मुलगाही म्हणतो आणि मुलगीही म्हणते. अर्धी भीती तेथेच गेली. उरलेली अर्धी राहिली, कारण 'पाणी आला' की 'पाणी आले' हा प्रश्न 'आपण'नेही सुटत नाही. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन; त्याला इलाज सरावाचा.

खेळाची सुरुवात एकाच वाक्याने होते. सगळे मिळून म्हणतात, "आपल्याला एक स्वप्न पडले." पाहिले नाही, पडले. कोणा एकाने पाहिल्याचा दावा नाही, म्हणून खोटेपणाही नाही. सुरुवातीलाच सगळ्यांना ठाऊक असते की ही रचलेली गोष्ट आहे. त्या मुलीने हे नियम आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी निरोप पाठवला, "ये ठीक है. ये तो कहानी हुई."

तरी खेळ लगेच जमला नाही. हिशेब करून पाहा. पाच खेळाडू, सुकाळाचे सात डाव, म्हणजे वाटीत पस्तीस दाणे. दुष्काळात कमीत कमी पस्तीसच खाल्ले जाणार. एकाने जरी एकदा 'मी' म्हटले, की गाव उपाशी. आणि एकही चूक न करणारा गट मी अजून पाहिलेला नाही. सहा शनिवार आमचे गाव उपाशी मेले. मुले कंटाळू लागली. तेव्हा वर्गातल्याच एका मुलाने सुचवले, "सर, दोस्तची गोष्ट पकडली तर दोन दाणे द्या." म्हणजे सुकाळातही आपल्या वाक्यात दुसऱ्याने सांगितलेली वस्तू आणली, तर एकाऐवजी दोन दाणे. या एका नियमाने सगळा खेळ बदलला. तोपर्यंत प्रत्येक जण स्वतःचे वाक्य मनात जुळवत बसे. दुसरा काय बोलतो इकडे लक्ष नसे. आता सगळे कान देऊ लागले. कोणी बकरी आणली की दुसरा तिला छत्री देई, तिसरा ती छत्री बैलगाडीत ठेवी. दुष्काळाच्या डावात बकरी, छत्री, बैलगाडी सर्वांच्या ध्यानात असत. कणसातल्या दाण्यासारखे ते टिकत.

जानेवारीत आनंद मेळावा झाला. आमच्या एका चटईवर तीन मुले आमची आणि दोन मराठी माध्यमाच्या शाळेतली बसली. मला वाटले, ती दोघे भराभर बोलतील आणि आमची गप्प बसतील. बोलली ती भराभरच. तिसऱ्याच डावात त्यांतला एक जण 'दिवा'चे पान उचलून म्हणाला, "आमच्यात दिवाळीला..." आमच्या मुलीने हात पुढे केला. "दाणा नाही. 'आमच्यात' नाही चालत. 'आपल्यात' म्हणायचे." तो गडबडला. त्याने दोनदा सुरुवात केली आणि शेवटी म्हणाला, "आपण दिवा लावला." गाव तीन दाण्यांनी उपाशी राहिले. पाचही जण उठायला तयार होईनात. "पुन्हा मांडा" म्हणून बसून राहिले. मागे रांग लागली होती.

तो 'दार'वाला मुलगा या सर्व काळात खेळापासून लांबच होता. मी त्याला कधी बस म्हटले नाही. पाने मोजून ठेवणे, दाणे निवडणे हे काम तो आपण होऊन करू लागला होता. फेब्रुवारीत एका शनिवारी पाचवा भिडू आला नव्हता, तेव्हा तो त्या जागेवर बसला. चौथ्या डावात त्याच्याच हाती ते पान आले. मी दुसऱ्या गटाजवळ उभा होतो, पण माझे लक्ष तिकडेच होते. त्याने पान थोडा वेळ हातात धरले. ते उलटे ठेवायची त्याला मोकळीक होती. त्याने ते सुलटे ठेवले आणि म्हणाला, "आपण दार उघडले."

पुढची मुलगी घाईने म्हणाली, "आपण दारातून बैलगाडी आत घेतली." तिने दोन दाणे टाकले.

दुष्काळाचे डाव आले. शेवटच्या डावात एका मुलाला काही आठवेना. तो पानांकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "आपण दार लावले नाही. कोणी येईल म्हणून." वाटीत दोन दाणे उरले. मग पावसाचा डाव सुरू झाला. एक म्हणाला, "आपण पावसाचा आवाज ऐकला." दुसरी म्हणाली, "आपण भांडी बाहेर ठेवली." त्याची पाळी आली. वाक्य जुळवायला त्याला वेळ लागला नाही. "आपण भिजलो," तो म्हणाला, आणि पाने गोळा करू लागला.